वैद्यबुवांचं निदान

"गर्भातून की संगतीतून? एवढंच सांगा, माय."

केशरमाय झोपडीच्या दारात पावटे सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"काय गर्भातनं?"

"मुलाचं. मघाशी सांगितलं ते. आल्हादचं मन बाईकडे जात नाही, पुरुषाकडे जातं. त्याने सांगितल्याला तीन वर्षं झाली. हे जन्मतः असतं, की मागाहून लागतं?"

वैद्य खांबेट्यांनी प्रश्न नेमका मांडला होता आणि तो नेमका मांडल्याचं त्यांना थोडं समाधानही वाटलं. चाळीस वर्षं नाडी बघणारा माणूस. खांबेटेवैद्यांनी मनगटावर तीन बोटं ठेवली की रोगाला लपायला जागा उरत नाही, असं आसपासच्या गावांत बोललं जायचं. दवाखान्याच्या दारावर स्वतःच्या वळणदार अक्षरात त्यांनी पाटी लावली होती : 'आधी निदान, मग औषध.' असा माणूस नावेत बसून कृष्णेपल्याड येतो आणि अक्षरओळख नसलेल्या, पण अडलेल्यांना वाट सांगणाऱ्या म्हातारीपुढे मांडी घालतो, तेव्हा त्याची बाकीची सगळी दारं ठोठावून झालेली असतात.

"डाक्टरला इचारलं न्हाई?"

"विचारलं. पुण्याला जाऊन विचारलं. एक म्हणाला, हा रोगच नव्हे, निदान कसलं करता? दुसऱ्या बाई म्हणाल्या, जन्माआधीच्या गोष्टींचा हात दिसतो, संगतीने होतं याला पुरावा नाही, पण नेमकं काय ते अजून कुणालाच सांगता येत नाही." वैद्यांनी मांडीवर थाप मारली. "एवढी शिकलेली माणसं, आणि नेमकं सांगता येत नाही!"

"मग मला अडाणीला सांगता यील व्हय?"

माय सोलत राहिली.

"पोरगा आजारी हाय?"

"नाही."

"जेवतोय-खातोय?"

"जेवत असेल. तीन वर्षं आमचं बोलणं नाही."

"त्यो बोलत न्हाई?"

"तो दर रविवारी फोन करतो... मी उचलत नाही. कारण कळल्याशिवाय बोलू काय?"

फोन वाजायचा तेव्हा वैद्य समोरच बसलेले असायचे. तो वाजून थांबेपर्यंत बघत राहायचे. त्यानंतर घरात दिवसभर दुसरा आवाज नसायचा. पत्नीला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या मोठ्या पातेल्यात एका माणसाची खिचडी शिजायची आणि तळाला लागायची. ती खिचडी वैद्य ओट्याशी उभ्यानेच खायचे, कारण एकट्यासाठी पाट कशाला मांडायचा? खरं सांगायचं तर वैद्यबुवा फार एकटे पडले होते. पण हे कबूल करायची वेळ आली की त्यांची मान ताठ व्हायची.

"मग आजच कसं आलासा?"

वैद्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा चढवला आणि मुलाचा निरोप वाचून दाखवला.

"बाबा, आम्ही दोघं उद्या दिल्लीला निघालोय. तिथून परदेशी, बहुतेक कायमचे. गाडी दुपारी एक वाजता मिरजेला येते. वीस मिनिटं थांबते. फक्त कळवतोय."

"दोघं म्हंजी?"

"तो आणि... तो दुसरा."

"नाव न्हाई त्याला?"

"असेल."

ओळखीचं कुणी मिरजेवरून जाणार असलं की वैद्यांची पत्नी जेवणाचा डबा घेऊन फलाटावर उभी असायची. लांबच्या नात्यातल्या माणसांनीसुद्धा तिच्या हातच्या पोळ्या गाडीत बसून खाल्ल्या होत्या. वैद्य कधी गेले नाहीत. दवाखान्याची वेळ असायची.

"जावा की मग उद्या."

"जाऊन सांगू काय त्याला? उत्तर हवं ना हातात!" वैद्यांचा आवाज चढला आणि मध्येच बसला. "माय... गर्भातून असेल, तर ती पोटुशी असताना सगळे काढे मीच दिले. माझ्या हाताने कुटून. संगतीतून असेल, तर बाराव्या वर्षी त्याला वसतिगृहात मीच धाडला. ती नको म्हणत होती."

"म्हंजी दोन्हीकडनं गुन्हेगार तुमीच."

"हो."

"आन् शिक्षा पोराला."

वैद्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"आन् कुनाचं काय गेलं न्हाई, कुनी रडलं न्हाई... त्यो गुन्हा तरी कसला म्हनायचा?"

"मी रडलो," वैद्य म्हणाले. हे तोंडातून कसं निघालं ते त्यांनाच कळेना.

मायने एक शेंग सोलून दाणे सुपात टाकले.

"पोराला खायाला काय आवडतं?"

"पित्तप्रकृती आहे त्याची. लहानपणापासून तिखट त्याला—"

"आवडतं काय, ते इचारलं."

"गूळपोळी. कडेला करपलेली. चांगली सोडून तीच मागायचा."

"ही आवड कुठनं आली? गर्भातनं का संगतीनं?"

"ही थट्टेची वेळ नाही, माय!"

"थट्टा न्हाईच."

तिने पावट्यांचं सूप बाजूला सारलं आणि पदराला हात पुसले. मग पुढे सरकून तिने वैद्यांचा डावा हात ओढून घेतला आणि मनगटावर आपली तीन खरबरीत बोटं ठेवली.

वैद्य सवयीने म्हणाले, "पुरुषाची उजवी बघतात."

"असू दे. मला कुठं नाडीतलं काय कळतंय?"

पण तिने हात सोडला नाही.

नदीवर वारा सुटला होता. पलीकडच्या काठावर कुणीतरी कपडे आपटत होतं. माय काही शोधत नव्हती, नुसती बसून होती. वैद्यांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. दिवसाला तीसचाळीस मनगटं ते धरायचे. त्यांचं मनगट धरून बसलेलं माणूस सहा वर्षांत हे पहिलंच. हात काढून घ्यावा असं त्यांना वाटलं आणि काढवेना.

काठावरून नावाड्याने हाक दिली. वैद्य उठले नाहीत. त्याने दुसरी हाक दिली तेव्हा त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि घसा साफ केला. चाळीस वर्षांची सवय एका दुपारीत थोडीच जाते?

"मग, माय... निदान?"

माय म्हणाली, "निदान डबा तरी न्या उद्या... दोघांचा."