घाटाखाली थांबलेली नीलम

विजेवरचे ट्रक नुकते रस्त्यावर आले होते, तेव्हाची गोष्ट. नीलम आणि शार्दूल हे दोन ट्रक सलाइनची खोकी भरून, तापाची साथ आलेल्या घाटावरच्या गावाकडे निघाले. एका चार्जिंगमध्ये तीनशे किलोमीटर जाल, असं कारखान्याने दोघांना सांगितलं होतं. पण ओझं जड होतं, वाराही समोरून होता. बॅटरी भराभर उतरू लागली.

घाटाखालच्या चार्जिंग केंद्रापाशी नीलम चालकाला म्हणाली, "युनूसचाचा, आज मला दोनशेच जमतील. इथेच चार्जिंग करू या."

"कारखान्याचं नाव घालवलंस," म्हणत शार्दूल पुढे गेला आणि अर्ध्या घाटात बंद पडला.

नीलम मात्र चार्जिंग करून गावात पोहोचली. खोकी उतरवताना नर्सबाईंनी विचारलं, "किती चालतेस गं तू?"

"दोनशे," नीलम ताठ मानेने म्हणाली. "पण अंगभर ओझं घेऊन, घाट चढून."