चार दिवसांचं कातडं

पोर्तुगालात बेरी तोडणाऱ्या धुळाचा थोरला भाऊ म्हाकू शेजारच्या स्पेनमध्ये मेंढ्या राखायचा. गेल्या महिन्यात तो तापाने गेला. धुळा चौथीपुढे शिकला नव्हता, पण मेंढरं त्याला जन्मापासून कळत. मागचापुढचा विचार न करता त्याने हातातलं काम सोडलं, भावाचं जॅकेट अंगात चढवलं आणि तिथल्या मालकापुढे जाऊन उभा राहिला. मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "दादाचं काम मला द्या."

मालक एव्हारिस्तो म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. तो मेंढवाड्यात बसून मेलेल्या कोकराचं कातडं एका पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधत होता.

मान वर न करता तो म्हणाला, "मेलेल्या भावाचं जॅकेट घातलं म्हणून तू म्हाकू होतोस काय? परका तो परकाच."

गडी हसले. धुळा जागचा हलला नाही.

"मग मालक, ह्या परक्या कोकराला कातडं कशाला बांधताय?"

"मेंढीचं पिल्लू मेलंय ना, त्याच्या कातड्याच्या वासाने ती ह्याला पाजते. चार दिवसांत दूध अंगी लागलं की ती ह्याला ह्याच्याच वासाने ओळखते. मग कातडं काढून टाकतो."

"मलाही तेवढंच द्या. चार दिवस दादाच्या नावावर राहतो. पाचव्या दिवशी जॅकेट काढतो. तेव्हा मेंढ्या माझ्या हाकेला आल्या नाहीत, तर हाकलून द्या."

मालकाने हातातली दोरी धुळाकडे सरकवली.

"गाठ तू मार," तो म्हणाला.