पिवळा मणी, पांढरा मणी

फार पूर्वी, तळ्याला लोक आई म्हणत त्या काळात, एका डोंगराच्या पायथ्याशी मोठं तळं होतं. काठावर कोळ्यांची वाडी होती आणि वाडीचा एक म्होरक्या होता. त्याच्या जाळ्यात मासा आपणहून येतो, असं लोक म्हणत. तो स्वतःही तसंच म्हणे.

वाडीत एक रीत होती. लेक बाळंतपणाला माहेरी आली की दर आठवड्याला तिच्यासाठी तळ्यातली मोठ्यात मोठी मरळ धरायची. मरळ जितकी जुनी तितकी तिच्यात ताकद जास्त, असा समज. मरळीला वाटेत विळी लागता कामा नये. ती अख्खी लेकीसमोर यायची, लेकीने तिला हात लावायचा आणि मगच ती चिरायची. कुठल्या बापाची माया किती, हे वाडी मरळीच्या लांबीवरून ठरवायची.

वर डोंगरावर मुलामा देणाऱ्या कारागिरांची वस्ती होती. देवळांचे कळस ते सोन्याने मढवत. सोनं पाऱ्यात कालवायचं, कळसाला फासायचं, आगीवर धरायचं. पारा उडून जातो, सोनं राहतं. मग भांडी ओढ्यात धुवायची, आणि तो ओढा खाली तळ्याला मिळायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. तळ्याचं पाणी तर तळ दिसेल इतकं नितळ होतं.

एके वर्षी वाडीत एक बाई येऊन राहिली. नद्या-तळ्यांचा अभ्यास करणं हेच तिचं काम. ती बरण्यांत चिखल भरायची, दगडांवरचं शेवाळ खरवडायची, गोगलगाई, बारीक कोळंबीसारख्या चिंगळ्या, माशांची टाकलेली डोकी गोळा करायची. पोरांनी तिचं नाव चिखलबाई ठेवलं आणि मोठ्यांनी ते खुशाल उचललं. म्होरक्या मात्र तिला रोज होडीत घ्यायचा. "एकटी गेली नि बुडाली, तर शोधायला मलाच जावं लागंल," असं तो म्हणायचा. खरं सांगायचं तर त्याला तिची चिकाटी आवडली होती.

पुढे म्होरक्याची लेक सातव्या महिन्यात माहेरी आली. म्होरक्या तीन दिवस तळ्यावरून हलला नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्याने दीड हात लांबीची मरळ धरली. एवढी मोठी मरळ वाडीने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. ती डोक्यावर घेऊन तो घराकडे निघाला आणि मागून अर्धी वाडी निघाली.

दारापाशी चिखलबाई आडवी आली. "दादा, ही मरळ लेकीला देऊ नका."

म्होरक्याचा हसरा चेहरा उतरला. "बाई, शुभाच्या वेळी असं बोलू नये."

"ओढ्यातून पारा येतोय. पाण्यात तो नावापुरता आहे, चिखलात थोडा जास्त. पण एकदा अंगात शिरला की लवकर बाहेर पडत नाही. चिंगळी जन्मभर चिखलातलं खाते. लहान मासा शेकडो चिंगळ्या खातो. मरळ तसले हजारो मासे खाते, आणि ही तर कित्येक वर्षं खातेय. थेंबे थेंबे तळं साचतं ना, तसा पारा हिच्यात साचलाय. तो आईकडून पोटातल्या बाळाला जातो."

"माझ्या आजीनं खाल्ली, आईनं खाल्ली. त्यांना कुठं काय झालं?"

"तेव्हा वर मुलाम्याचं काम चालायचं का?"

म्होरक्याने वर डोंगराकडे पाहिलं. कारागीर डोंगरावर येऊन पंधराच वर्षं झाली होती.

"मला एक तुकडा द्या," चिखलबाई म्हणाली. "आणि थोडं सोनं. पाऱ्याची वाफ लागली की सोनं पांढरं पडतं, ते मी दाखवते."

आता खरी पंचाईत झाली. लेकीचा हात लागण्याआधी मरळ चिरायची म्हणजे अपशकुन. "पोरीच्या जिवाशी खेळू नकोस रे," एक म्हातारा मागून म्हणाला.

म्होरक्याने दाराकडे पाहिलं. उंबऱ्यात त्याची चार वर्षांची नात पेजेची वाटी घेऊन बसली होती. तिचे हात जन्मापासून कापायचे. ती उशिरा चालली आणि शब्द अजूनही तिच्या तोंडात अडायचे. लोक म्हणत, दृष्ट लागली. म्होरक्याने कितीदा तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या. आणि ती पोटात असताना सून याच घरी होती. तिला लेक मानून त्यानेच आठ मोठ्या मरळी धरून आणल्या होत्या.

त्याने मरळ दगडावर ठेवली. "विळी आणा," तो म्हणाला.

त्याच्या बायकोने गळ्यातल्या पोतीतले दोन सोन्याचे मणी काढून दिले. "सोनं तरी आपलंच असू द्या. मग मनात किंतू राहायचा नाही."

चिखलबाईने दोन मडकी घेतली. एकात चिंगळ्या घातल्या, दुसऱ्यात मरळीचं मांस, आणि दोन्ही झाकणांना आतून एकेक मणी लावला. सगळ्यांना दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवून तिने मडकी मोकळ्या रानात तापवली आणि निवल्यावर उघडली. चिंगळ्यांवरचा मणी पिवळाधमक होता. मरळीवरचा मणी राखेसारखा पांढरा पडला होता.

म्होरक्या त्या मडक्यापाशी मातीत बसला. "नातीचं हे कुणा वैऱ्यानं न्हाई केलं," तो म्हणाला. "मी केलं. आग्रह करकरून वाढलं." आणि सगळ्या वाडीदेखत तो रडला.

चिखलबाई त्याच्या शेजारी मातीत बसली. "दादा, तुम्ही माया वाढलीत. आत काय आहे ते तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आज मी सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. ऐकणारे फार थोडे भेटतात मला."

दुसऱ्या दिवशी दोघं तो मणी घेऊन डोंगर चढले. थोरल्या कारागिराला फार सांगावं लागलं नाही. पाऱ्याने पांढरं पडलेलं सोनं त्याच्याइतकं कोण ओळखणार? त्याने मणी तळहातावर घेतला, तर तो तिथे ठरेना, कारण त्याचा स्वतःचाही हात कापत होता. त्या दिवसापासून भांडी ओढ्यात धुणं बंद झालं आणि धुण्याचं पाणी बंद रांजणांत साठू लागलं. "तळं निवळायला पुष्कळ वर्षं लागतील," चिखलबाईने बजावलं. "तोवर मोठ्या मरळी पाण्यातच राहू द्या."

म्होरक्याच्या लेकीने मग चिंगळ्या आणि बोटाएवढ्या मासोळ्या खाल्ल्या. "म्होरक्याची लेक, आणि चिंगळ्यांवर बोळवण," असे टोमणे त्याने मुकाट्याने ऐकून घेतले. दिवस भरले आणि मुलगी झाली. तिने आजोबाचं बोट असं घट्ट धरलं की ते सोडवताना त्याला हसू आणि रडू एकदमच आलं.

बारशाच्या जेवणात पहिली वाटी म्होरक्याच्या मानाची. त्याने चिंगळ्यांच्या कालवणाची ती वाटी नातीच्या हातात दिली आणि चिखलबाईकडे बोट दाखवलं. नात निघाली. हात कापत होते, कालवण सांडत होतं. तिची आई उठू लागली, तशी म्होरक्याने तिला खुणेने बसवलं. पोहोचेपर्यंत वाटी अर्धी झाली होती.

"सां... सांडली," नात म्हणाली.

"उरली तेवढी माझी," चिखलबाई म्हणाली. तिने वाटी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

त्यानंतर वाडीत तिला कुणी चिखलबाई म्हटलं नाही, असं मात्र झालं नाही. म्हणत सगळेच. फक्त आता लेकी माहेरी आल्या की आधी तिच्या पाया पडून मग घरात जात.

तात्पर्य: आपण मायेने वाढलेल्या ताटात विष आहे, हे दाखवणाऱ्याचा आधी राग येतो आणि उपकार मागाहून कळतात. या दोहोंत जो फार वेळ जाऊ देत नाही, त्याचं घर वाचतं.