दाजीसाहेबांची शाल

आंबेखोलच्या दाजीसाहेब खोतांनी मृत्युपत्र केलं: मी गेल्यावर माझी आमराई गावनिधीला. झालं! त्या दिवसापासून त्यांनी गावाला नुसता वात आणला. पालखीचा पहिला मान त्यांचा, पंगतीत पहिलं पान त्यांचं. शेवटी भर सभेत ते कडाडले, "अख्खी आमराई दिली, अन् सत्काराची साधी शाल नाही?"

निधीच्या अध्यक्षा तुळसाकाकी हसत उठल्या. "शाल आणून ठेवलीय, दाजीसाहेब. पण आम्हीही तुमच्यासारखंच लिहून ठेवलंय. ज्या दिवशी आमराई आमच्या हाती येईल, त्याच दिवशी शाल तुमच्या अंगावर घालायची. बोला, कधीचा मुहूर्त धरू?"

सभा खो खो हसली. दाजीसाहेब खाली बसले. म्हणतात, त्या हिवाळ्यात ते कुडकुडत राहिले, पण घरचीसुद्धा शाल त्यांनी अंगाला लागू दिली नाही.