भिंतीपलीकडचा अर्धा

वर्षानुवर्षं ऊब घेतलीत. ती येते कुठून, हे भिंतीमागे जाऊन एकदाही पाहिलं नाहीत.

एका डोंगरमाथ्यावरच्या गावात एक लहानसं प्रसूतिगृह होतं. गावाला लागून तळं होतं. हिवाळ्यात तळ्यावरून धुकं चढायचं आणि सकाळी गवतावर दव गोठलेलं दिसायचं. नुकती जन्मलेली बाळं गारठू नयेत म्हणून तिथे एक हीट पंप बसवला होता.

हे यंत्र एक असून दोन होतं. अर्धं खोलीत, अर्धं भिंतीबाहेर, मध्ये तांब्याची नळी. बाहेरचा अर्धा थंड हवेतूनसुद्धा कणकण ऊब वेचायचा आणि नळीतून आत पाठवायचा. आतला अर्धा ती खोलीत फुंकायचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. नळीतून जे ऐकू यायचं, तेवढीच त्यांची ओळख.

आतल्याचं बरं चाललं होतं. बाळंतिणी त्याच्याकडे बघून म्हणायच्या, "किती छान ऊब येते." बाहेरचा ते नळीतून ऐकायचा. त्याच्या पुढ्यात शेवाळलेलं कुंपण होतं आणि डोक्यावर सिल्व्हर ओकचं झाड. पावसाळ्यात एक मांजर त्याच्या आडोशाला येऊन बसे. थंडी पडली की तेही निघून जाई, कारण ऊब आत पाठवून त्याच्यापाशी उरायचा तो फक्त गार वारा.

थंड, दमट हवेत काम करताना बाहेरच्याच्या अंगावर हिम धरायचं. ते जाड झालं की त्याचा श्वास कोंडायचा. मग तो नळीतून म्हणायचा, "थोडी ऊब परत दे." आतला फुंकणं थांबवायचा. थोडी ऊब उलटी बाहेर जायची, हिमाचं पाणी व्हायचं आणि बाहेरचा पुन्हा कामाला लागायचा. घडवणाऱ्यांनी यंत्र घडवलंच तसं होतं. त्यात त्याचा काही दोष नव्हता.

पूर्वी एक पहारेकरी थंडीच्या आधी मागे जाऊन त्याच्यावरची पानं काढायचा, पाणी मारून त्याची जाळी धुवायचा. तो काम सोडून गेला आणि ते काम कोणाचंच उरलं नाही. त्या वर्षी दसऱ्याला आतल्या अर्ध्याला झेंडूची माळ घातली. दिवाळीत फरशा घासल्या, पडदे धुतले. भिंतीमागे कोणी गेलं नाही.

थंडी आली. बाहेरच्याच्या जाळीत पानं अडकलेली होती, त्यामुळे हिम लवकर धरू लागलं. त्याला पुन्हा पुन्हा ऊब मागावी लागू लागली.

त्याच दिवसांत चंपा नावाची मुलगी तिथे बाळंत झाली. मुलगा झाला, पण अगदीच अशक्त. त्याला ऊब मिळाली तरच तो तगणार होता. चंपाची सासू बायजाबाई लोकरीची शाल लपेटून खाटेजवळ बसून असत. त्यांचे डोळे नातवावरून हलत नसत. यंत्राचा वारा थांबला की त्या नर्सला, कुमुद सिस्टरला, हाक मारायच्या.

"सिस्टर, ह्येला जरा दम भरा. घटकाभर काम करतंय आन् घटकाभर निजतंय. आमच्या जावयाच्या वरताण हाय."

सगळ्या बाया हसल्या. ते हसू नळीतून बाहेर गेलं.

बाहेरच्याला लाज वाटली. आपण मागतो म्हणून ही माणसं हसतात, असं त्याच्या मनाने घेतलं. पुढच्या वेळी अंगावर हिम चढलं, तेव्हा त्याने काही मागितलं नाही.

आतल्याला ते कळलं. नळीतून येणारा श्वास जड झाला होता. 'का रे, मागत का नाहीस?' एवढंच विचारायचं होतं. पण खोलीत आता कोणी हसत नव्हतं. बायजाबाई म्हणाल्या होत्या, "आता कसं शहाण्यावानी चाललंय." आतल्याला ते गोड लागलं. तो गप्प राहिला.

ऊब कमी कमी होत गेली. सकाळी खोलीत येत होता तो नुसता गार वारा. बाळाने रडणं थांबवलं होतं.

कुमुद सिस्टरने बाळाच्या तळपायांना हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. "चंपा, बाळाला उघडं कर आणि उघड्या छातीशी घे. अंगाला अंग लागू दे." दोघांवर पांघरूण टाकून ती बाहेर धावली आणि पहिल्यांदाच भिंतीमागे गेली.

तिथे एक पांढरा ढिगारा उभा होता. बर्फात पानं रुतली होती. आत कुठेतरी बारीक घरघर चालू होती. तो अजूनही कामच करत होता.

लसींच्या फ्रीजमध्ये बर्फ साचला तर तो खरवडायचा नाही, हे सिस्टरला ठाऊक होतं. तिने आधी यंत्र बंद केलं. हाताने पानं काढली. मग बादलीभर कोमट पाणी आणून तांब्यातांब्याने ओतत राहिली. कितीतरी दिवसांनी बाहेरच्याला कोणाचा तरी हात लागत होता.

आत चंपाचे ओठ काळेनिळे पडले होते. तिची सगळी ऊब बाळाकडे चालली होती. बायजाबाईंनी नातवाकडे बघता बघता सहज वर पाहिलं.

"अगं, तू तर कापतीयास. बोलली का न्हाईस?"

"तुम्ही हसाल म्हणून, आत्याबाई."

बायजाबाईंनी अंगावरची शाल काढली आणि मायलेकरांभोवती गुंडाळली. बऱ्याच वेळाने शालीच्या आतून बारीक, चिडका रडण्याचा आवाज आला.

यंत्र पुन्हा सुरू झालं. आतला नळीतून म्हणाला, "तुझा श्वास अडकलेला मला ऐकू येत होता. मी विचारलं नाही."

बाहेरचा म्हणाला, "मीही मागितलं नाही."

ते दोघे एकमेकांना पुढेही कधी दिसले नाहीत. पण त्यानंतर ते नळीतून बोलत राहिले. दर वर्षी थंडीच्या आधी सिस्टर भिंतीमागे जाऊन पानं काढू लागली.

तात्पर्य: ऊब देणाऱ्यालाही ऊब लागते, त्याने ती मागितली तर हसू नये, आणि त्याने मागणं सोडलं तर आपण होऊन भिंतीमागे जाऊन बघावं.

बाळ पुन्हा रडलं त्याच दिवशी संध्याकाळी बाहेरच्याने ऊब मागितली आणि खोलीतला वारा पुन्हा थांबला. शेजारच्या खाटेवरची बाई कुरकुरली, "बसलं का परत रुसून?" बायजाबाई बिनशालीच्या, तळहात चोळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बसू दे की. त्येला बी अंग हाय."