उंदरीचं घर आणि दातांचा सेल

हळू ऐका हं बाळांनो, गोष्टीतली गाडी आजारी आहे.

एक होतं गॅरेज. तिथं होती एक म्हातारी काळी गाडी. गाडीच्या सीटला होतं भोक. भोकात राहायची इवली उंदरी आणि तिची पिल्लं.

एके दिवशी गाडीचा सेल गेला. किल्ली फिरवली की नुसतं टक्. पुढे काही नाही. गॅरेजवाले दस्तगीरचाचा खूप खटपटले. भंगारात जुने सेल होते. पण हिचा कुठला, ते काही कळेना. चाचा शटर ओढून अंधारात बसले.

संध्याकाळी भंगारवाला गाडी न्यायला येणार होता. गाडी जाणार. सीट जाणार. भोकही जाणार.

उंदरीला रडू आलं. ती म्हणाली, "गाडीबाई, बोल ना."

"सेल आण, मग बोलते."

उंदरी गेली तुरूतुरू. चाचांच्या बॅटरीतला सेल ढकलत ढकलत घेऊन आली.

"अगं वेडे, हा तर दिव्याचा सेल. मला इंजिन फिरवून जागं करणारा दातांचा सेल हवा, स्टार्टर. त्याचे दात माझ्या दातांत बसले, की मी बोलते."

उंदरी गेली तुरूतुरू. भंगाराच्या ढिगापाशी गेली.

"ढिगा ढिगा, सेल दे. सेल मिळेना, गाडी बोलेना. गाडी बोलेना, घर राहीना."

"मी गंजलोय. तेल आण, मग देतो."

उंदरी गेली तुरूतुरू.

"डब्या डब्या, तेल दे. तेल गळेना, सेल मिळेना. सेल मिळेना, गाडी बोलेना. गाडी बोलेना, घर राहीना."

"तोंडात चिखल बसलाय. फडकं आण, मग देतो."

उंदरी गेली तुरूतुरू.

"फडक्या फडक्या, ये ना. फडकं येईना, तेल गळेना. तेल गळेना, सेल मिळेना. सेल मिळेना, गाडी बोलेना. गाडी बोलेना, घर राहीना."

"अंगावर बोका निजलाय. बोका उठव, मग बघू."

बोका! उंदरी खांबाआड पळाली. पण पिल्लं आठवली. ती खांबाआडून म्हणाली,

"बोकोबा बोकोबा, ऊठ ना. बोका उठेना, फडकं येईना. फडकं येईना, तेल गळेना. तेल गळेना, सेल मिळेना. सेल मिळेना, गाडी बोलेना. गाडी बोलेना, घर राहीना."

बोक्याने एकच डोळा उघडला. "थंडी वाजते. ऊन आण, मग उठतो."

ऊन होतं शटरच्या बाहेर. उंदरी गेली तुरूतुरू.

"चाचा चाचा, शटर उघडा. शटर उघडेना, ऊन येईना. ऊन येईना, बोका उठेना. बोका उठेना, फडकं येईना. फडकं येईना, तेल गळेना. तेल गळेना, सेल मिळेना. सेल मिळेना, गाडी बोलेना. गाडी बोलेना, घर राहीना."

चाचांनी मानही वर केली नाही. "गाडी गप, मी बी गप."

आता विचारायला कुणीच उरलं नाही. उंदरी चाचांच्या पायापाशी बसून रडली. तिकडे सीटमध्ये पिल्लं म्हणत होती, चूं चूं. उंदरीने डोळे पुसले. दात तर तिलाही होते.

कुट्ट!

अंगठ्याला चावली. चाचा ताडकन उठले. उंदराला हुसकायला त्यांनी शटर वर ओढलं. खडखडखड!

शटर उघडलं, ऊन आलं. ऊन आलं, बोका उठला. बोका उठला, फडकं आलं. फडकं आलं, तेल गळलं. तेल गळलं, ढीग सुटला. गडगड गडगड, तीन सेल बाहेर आले.

चाचा अंगठा बघत होते. अंगठ्यावर इवल्या दातांच्या खुणा.

"दात," चाचा म्हणाले. "मी नुसतं सेलचं अंग बघत बसलो. दात बघायचंच ऱ्हायलं की."

मोठ्या सेलचे दात जाड. बसेनात. धाकट्याचे दात बारीक. घसरले, खर्रर्र. तिसरा सेल मळका, कुणी बघायचं नाही असा. त्याचे दात लावले.

खट्. बसले.

चाचांनी किल्ली फिरवली. घर्र. घर्र. घुर्रर्रर्र!

भंगारवाला आला, तसाच परत गेला.

मग चाचा सुईदोरा घेऊन सीट शिवायला बसले. भोकात डोकावले. आत पिल्लं झोपली होती. चाचांनी सुई खिशात ठेवली.

"हे भोक हाय तसंच ऱ्हाऊ दे," ते हळूच म्हणाले.

सेल मिळाला, गाडी बोलली. गाडी बोलली, घर राहिलं.

आता तुम्हीही गुपचूप झोपा. नाहीतर पिल्लं उठतील.