थिरथिऱ्याची जागा

फार जुनी गोष्ट. थिरथिरा नावाचा एक चिमुकला पक्षी हिमालयातून मजल दरमजल करत आला आणि सकाळी तळ्याकाठच्या उंबरावर टेकला.

"थांब," मोर म्हणाला. "तुझी संस्कृती कोणती ते सांग. त्याशिवाय इथे कुणाला बसू देत नाही."

थिरथिऱ्याला तो शब्दच ठाऊक नव्हता. "म्हणजे काय हो, दादा?" त्याने भीत भीत विचारलं.

"म्हणजे नाच."

"नाचून पिल्लं वाढतात का? संस्कृती म्हणजे घरटं विणणं," सुगरण मध्येच बोलली.

"घर तर उंदीरही करतो!" साळुंकी फणकारली. "संस्कृती म्हणजे आपली बोली." आणि भांडण जुंपलं.

थिरथिऱ्याचे पंख थकून गेले होते. पुढे उडवत नव्हतं. काय सांगावं याचा विचार करता करताच त्याचे डोळे मिटले आणि तो फांदीवरून घसरला.

"अगं बाई, पडेल ना लेकरू! सरका जरा," म्हणत साळुंकीने त्याला सावरलं. सुगरण सरकली. मोरानेही आपला लांबलचक पिसारा आवरून घेतला.

साळुंकी आणि सुगरण यांच्या मधल्या उबेत थिरथिऱ्याचं मन भरून आलं आणि तो पुन्हा झोपी गेला. वाद अजून मिटला नव्हता. पण पाहुण्याची झोप मोडू नये म्हणून आता सगळे कुजबुजत भांडत होते.